गोठ्यातलं शहाणपण

गाय व्याली की पहिल्या तासाभरात वासराच्या पोटात चीक गेला पाहिजे, हे मला कुणी शिकवलं नाही. वडील करायचे ते बघून आलं. वासरू खाली पडलं की आधी नाकातोंडातला चिकटा काढायचा, गोणपाटानं अंग खसाखसा पुसायचं, थंडीचे दिवस असले तर खाली पाचट टाकून वर पोतं पांघरायचं, आणि ते उभं राहायला धडपडत असतानाच धरून सडाला लावायचं. चीक उरला तर घरात खरवस. पण पहिला वाटा वासराचा. यात आमच्या घरी कधी हयगय झाली नाही. माळरानाची जमीन, विहिरीला पाणी असलं तर असलं, पण आमची वासरं फारशी दगावली नाहीत.

हे आधी सांगितलं, कारण माणसाच्या लेकरांच्या बाबतीत मी याच्या बरोब्बर उलटं वागलो होतो. ते पुढं येईलच.

फेब्रुवारी २०१९ चा शेवटचा आठवडा. आदल्या पावसाळ्यानं दगा दिलेला. पारनेर तालुक्याला दुष्काळ काही नवा पाहुणा नाही, पण त्या साली ज्वारीनं मानच वर काढली नाही. टँकर सुरू झालेले, जनावरांच्या छावण्या उघडायला लागलेल्या. थोरला पोरगा सुप्याच्या एमआयडीसीत कंत्राटावर कामाला. सूनबाई बाळंतपणाला नगरला माहेरी गेलेली. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला नगरच येतं.) पोटात जुळं आहे हे कळलेलं होतं. सातवा सरत आला होता, आणि एकदम तिचे पाय सुजले, डोकं दुखायला लागलं, बीपी वर गेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, एकतिसावा आठवडा आहे, बाळं कधीही बाहेर काढावी लागतील, आणि दोघांना ठेवायला इथं जागा नाही. पुण्याला न्या, आत्ताच न्या. बाळं झाल्यावर नेण्यापेक्षा पोटात असताना नेलेली बरी, आईच्या पोटासारखी गाडी कुठली नाही. त्यांचं हे वाक्य माझ्या ध्यानात राहिलं. बाळांची फुफ्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून त्यांनी सूनबाईला एक इंजेक्शन दिलं, पुढचे डोस पुण्यात घ्यायला सांगितले, आणि रुग्णवाहिकेत घालून दिलं.

नगरहून पुण्याला जायचं म्हणजे सुप्यावरूनच रस्ता. रुग्णवाहिका आमच्या स्टँडवर दोन मिनिटं थांबली. मी आणि आमची मंडळी एक गाठोडं घेऊन उभेच होतो. चढलो. शिरूर गेलं, रांजणगावच्या गणपतीला आतूनच हात जोडले, शिक्रापूर ओलांडलं, आणि वाघोलीला गाड्यांच्या रांगेत अडकलो. भोंगा वाजतोय, पुढचा टेम्पो हलत नाही. ही सुनेच्या उशाशी बसून तिचा हात धरून होती. सुप्यापासून पुण्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, घाबरली असेल. ती कशानं गप्प होती ते मला माहीत असायला पाहिजे होतं.

तिसऱ्या दिवशी ऑपरेशन करून बाळं काढली. आधी मुलगा, १२४० ग्रॅम. मग मुलगी, १०८० ग्रॅम. दोघं मिळून अडीच किलो भरत नव्हती.

तो दवाखाना कोणता ते लिहीत नाही, लिहून कुणाला काही मिळणार नाही. आत फक्त आईबापाला सोडायचे. आजा-आजीनं काचेतून बघायचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा पोराची मांडी माझ्या अंगठ्याएवढी होती. कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा मोजाव्यात. नाकात नळ्या, पायाला वायरी, डोक्यावर टोपी, आणि बाकी अंगाला कापड नाही. काचेच्या पेटीतच गरम केलेलं. मी मेंढराची, शेळीची, गाईची, कुत्र्याची नुकती जन्मलेली पिल्लं हातात घेतलेला माणूस, पण ते बघून माझे हात आपोआप पाठीमागं गेले.

मुलाला श्वास ओढवेना. डॉक्टरांनी पोराला बोलावून सांगितलं, फुफ्फुसातल्या बारीक पिशव्या आतून चिकटतात, त्या उघड्या राहाव्यात म्हणून एक औषध नळीनं थेट श्वासनळीत घालावं लागेल. महाग आहे. मी डॉक्टरांना विचारलं, कशाचं असतं हे? तर म्हणाले, जनावराच्या फुफ्फुसातून काढतात, काही कंपन्यांचं गाईच्या, काहींचं डुकराच्या. आमची मंडळी माळकरी. त्यामुळे आमच्या वाट्याला कोणतं आलं ते मी विचारलं नाही, आणि हिला तर आजतागायत सांगितलेलं नाही. आता वाचेल तेव्हा बघू. औषधाचे, पेटीचे, खाटेचे पैसे भागवायला दोन दुभत्या गाई काष्टीच्या बाजारात गेल्या. दुष्काळात सगळेच विकायला काढतात, भाव काय मिळणार? काही खर्च योजनेत बसला, त्यासाठी पोरगा केशरी रेशनकार्डाची झेरॉक्स घेऊन या खिडकीतून त्या खिडकीत फिरला. त्या फिरण्यावर एक वेगळा लेख होईल, तो पुन्हा कधी.

दुसरं एक औषध ऐकून मात्र मला हसू आलं होतं. एवढ्या लवकर आलेली बाळं श्वास घ्यायला विसरतात. खरंच विसरतात. नीट चाललेलं असतं आणि मधेच वीस-वीस सेकंद काही नाही. यंत्र ओरडायला लागतं, मग सिस्टर येऊन तळपायाला टिचकी मारते, की लेकरू दचकून पुन्हा श्वास घेतं. ते विसरू नयेत म्हणून त्यांना कॅफिन देतात. म्हणजे चहा-कॉफीत असतं तेच. मी म्हटलं, जन्मल्या जन्मल्या चहा, पोरं सुप्याचीच आहेत. सिस्टर हसली. पण ते यंत्र ओरडलं की काचेच्या अलीकडे आमचाही श्वास अडकायचा, हे खरं.

दुसऱ्या दिवशी सूनबाईच्या अंगावरचं पहिलं दूध पिळून काढलं. बीपीमुळे ती स्वतः अर्धमेली, निघालं ते किती, तर सुईच्या नळीच्या बुडाशी चार-सहा थेंब. पिवळंधमक आणि दाट. सिस्टर ती नळी मुठीत धरून अशी निघाली जशी कुणी सोन्याची पुडी नेतंय. दारात आमच्या मंडळींनी तिला थांबवलं आणि वाकून बघितलं.

‘चीक हाय,’ ती म्हणाली.

‘हो आजी, चीकच. यांचं पहिलं औषध हेच,’ सिस्टर म्हणाली आणि आत गेली.

ही तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. माझ्याकडे बघितलं नाही. मला मात्र घाम फुटला.

कारण १९८५ च्या डिसेंबरात आमच्या घरीही जुळं झालं होतं. दोघं मुलगे. तेही सातव्यातलेच, घरीच, सुईणीच्या हातावर. आमच्या घरातल्या जुन्या बायकांचा नियम होता की पहिल्या तीन दिवसांचं दूध जड असतं, लेकराला पचत नाही. ते हिला मातीत पिळायला लावलं. लेकरांना मधाचं बोट आणि कापसाच्या वातीनं गूळपाणी. त्याच आठवड्यात आमची एक गाय व्याली होती. तिचं वासरू मी स्वतः सडाला लावलं, उरलेल्या चिकाचा खरवस घरात सगळ्यांनी खाल्ला. गोठ्यापासून बाळंतिणीची खोली पंधरा पावलांवर होती. दहावी पास झालेला मी, गावात मला शिकलेला म्हणायचे, आणि मला त्या पंधरा पावलांत प्रश्न पडला नाही.

पुण्यात सूनबाईचं दूध दोघांना पुरेना तेव्हा दवाखान्यानं दूधपेढीतलं दूध दिलं. दुसऱ्या आयांनी दिलेलं, तपासून, तापवून, गोठवून ठेवलेलं. ही सोय मला नवीच होती. पुढं माहिती काढली तर कळलं की आशियातली अशी पहिली पेढी आपल्या मुंबईतच, शीवच्या रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली सुरू केली. बाकावर आमच्या शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मला हळूच विचारलं, कुठल्या जातीच्या बाईचं असतं हो ते? मी म्हटलं, पाव्हणं, तीस वर्षं डेअरीला दूध घालतोय. सगळ्या गावाचं एकाच टाकीत पडतं. तिथं फक्त फॅट बघतात. म्हातारा पुढं काही बोलला नाही, आणि त्याच्याही नातवाच्या कागदावर त्यानं संध्याकाळी अंगठा दिला.

नवव्या दिवशी मुलगी मलूल झाली. रक्तात जंतू सापडले. दूध बंद, सलाईन, अँटिबायोटिक. ते तीन दिवस मला आज सलग आठवत नाहीत. चौथ्या दिवशी तिनं एक एमएल दूध पचवलं एवढं आठवतं, आणि पोरगा फोनवर ‘दादा, एक एमएल’ एवढंच म्हणून रडला ते आठवतं.

पोराची बिनपगारी रजा संपली होती. तो कंपनीतली पाळी करून एसटीनं यायचा, बाळांना बघायचा आणि परत. गाई छावणीत भावाकडे. सूनबाई खाटेवरून उठायला लागली होती, पण चक्कर यायची. तिचं काम एकच, दर तीन तासांनी दूध काढायचं. बाकी आम्ही दोघं म्हातारी व्हरांड्यात.

होळीच्या दिवशी मोठ्या सिस्टरनं आम्हाला बोलावलं. म्हणाल्या, बाळांची तब्येत आता बसली आहे, त्यांना अंगाशी धरून बसायचं. कातडीला कातडी लावून, एका वेळी निदान तासभर, जितकं जास्त तितकं चांगलं. कांगारू पिल्लू पोटाच्या पिशवीत ठेवतं तसं. आई एका बाळाला घेईल, दुसऱ्याला घरचं कुणीतरी पाहिजे. आजी, तुम्ही घ्या.

‘म्या न्हाई घ्यायची,’ ही म्हणाली.

सिस्टरला वाटलं लाजली. समजावायला लागल्या. ही उठून सरळ बाहेर निघून गेली.

‘मग आजोबा, तुम्ही बसता का?’

मी आधी नाहीच म्हणणार होतो. पण सिस्टर वाट बघत उभ्या. तंबाखूची पुडी बाहेर कचऱ्याच्या डब्यात टाकली, आंघोळ केली, नखं काढली, कोपरापर्यंत साबणानं हात धुतले. सदरा-बंडी काढून, पुढून उघडा गाऊन घालून आरामखुर्चीत रेललो. साठ वर्षांची माझी छाती, पांढरे केस, वर नळ्यांसकट सिस्टरनं पोरगी आणून ठेवली. बेडकासारखे हातपाय पसरून, गाल माझ्या हाडावर. वरून कापड बांधलं. वजन काहीच लागत नव्हतं. ओल्या रुमालाची घडी ठेवल्यागत. आधी तिचं काळीज धडधडत होतं, चिमणीसारखं. मग सावकाश झालं. यंत्रावरचे आकडे सिस्टरनं मला दाखवले, ऑक्सिजन चढला होता. मला आकडे दिसत नव्हते, डोळे भरलेले होते.

सिस्टरनीच मला सांगितलं की हा उपाय दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात निघाला. बोगोटा शहरातल्या एका सरकारी दवाखान्यात पेट्या कमी आणि बाळं जास्त, एकेका पेटीत दोन-दोन ठेवायची पाळी, त्यातून रोग लागायचा. तिथले डॉ. एडगर रे यांनी १९७८ च्या सुमारास आयांच्याच छातीवर बाळं बांधायला सुरुवात केली. १९७८! माझी दहावी होऊन दोन वर्षं झाली होती तेव्हा. गरिबाघरचा उपाय, त्याला पेटी नको, वीज नको. पुढं २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनंही सांगितलं की कमी दिवसांचं बाळ जन्मल्या जन्मल्याच आईच्या अंगाशी द्या. आपल्याकडे गडचिरोलीत अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्यानं ३९ गावांत गावातल्याच बायका तयार केल्या. बाळ गरम कसं ठेवायचं, अंगावरचं कसं पाजायचं, श्वास अडकला तर काय करायचं, हे सगळं घरच्या घरी. त्यांचा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या विलायतेच्या मोठ्या साप्ताहिकात छापून आला, की त्या गावांत तान्ह्या बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले. हे सगळं मी नंतर वाचलं. वाचताना प्रत्येक साल १९८५ च्या अलीकडं आहे की पलीकडं एवढंच बघायचो.

तास झाला. सिस्टरनं पोरगी उचलली. मी बाहेर आलो तर ही दाराला लागूनच उभी होती. काचेतून सगळं बघितलेलं.

‘मी बी असंच घेतलं व्हतं,’ ती म्हणाली.

एवढं बोलून व्हरांड्याच्या टोकाला गेली. संध्याकाळ झाली होती. समोरच्या गल्लीत पोरांनी होळी रचली होती, ती पेटली. ही गजाला धरून जाळाकडं बघत होती.

आता सांगतो. १९८५ च्या त्या दोघांतला पहिला, त्याच दिवशी तिन्हीसांजेला गेला. दुसरा राहिला. हिनं त्याला चोळीत, पोटाशी उघडाच धरून ठेवला, वरून लुगड्याचा पदर आणि गोधडी. तिला कुणी शिकवलं नव्हतं. मेंढरामागं हिंडलेल्या घरातली पोरगी, थंडीत गारठलेलं कोकरू कसं जगवतात ते तिनं बघितलं होतं. तीन दिवस तो तसा राहिला. गुलाबी होता. घरातल्या बायका म्हणायला लागल्या, कच्च्या बाळंतिणीला विश्रांती पाहिजे, अंगाखाली लेकरू दबेल, आणि उघड्या अंगाला उघडं लेकरू हे काय सोंग. मला सांगितलं, तू काढून घे, तुझं ऐकेल. मी गेलो. ‘आता नका नेऊ, आत्ताच निजलाय,’ ती म्हणाली. मी तिच्या कुशीतून लेकरू काढून घेतलं. कापूस घातलेल्या पाटीत ठेवलं, बाजेशेजारी शेगडी पेटवली. रात्री राखण माझी. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. आदल्या दोन रात्री मी गव्हाला पाणी भरलं होतं. शेगडीशी बसलो आणि डोळा लागला. पहाटे जाग आली तेव्हा शेगडीत राख होती.

मला कुणी काही बोललं नाही. सातव्यातली लेकरं कुठं वाचतात, असंच सगळे म्हणाले. मीही तेच म्हणत आलो. डोळा लागला हे मी कुणाला सांगितलं नाही.

त्या होळीच्या रात्री व्हरांड्यात मी हिला ते सांगितलं. तेहतीस वर्षांनी. म्हटलं, त्या रातीला मला झोप लागली होती.

‘मला ठावं हाय,’ ती म्हणाली. ‘मी जागीच व्हते. शेगडी इझली ते दिसत व्हतं. उठाय जमंना. तुमाला दोन हाका मारल्या. तुमी न्हाई ऐकल्या.’

जाळ खाली बसला तरी आम्ही तिथंच उभे होतो. मग तिनं विचारलं, सिस्टर कितीला येत्यात? मी म्हटलं, सकाळी आठला. ती म्हणाली, साबण द्या मला.

दुसऱ्या दिवशी धुळवडीला हिनं पोरगी घेतली. सूनबाईकडं मुलगा, शेजारच्या खुर्चीत ही. तासानं सिस्टर आली तर म्हणाली, ‘राहू द्या. आत्ताच निजलीया.’ सिस्टरनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, राहू द्या. तीन तास बसली. त्यानंतर रोज तिचं हेच. मला पाळी मिळायची ती ही जेवायला उठली तरच.

मग वजन चढायला लागलं. कधी दहा ग्रॅम, कधी वीस, एखाद्या दिवशी उलटं खाली. पोरगा कंपनीतून फोन करून आधी आकडा विचारायचा, मग बाकीचं. गुढीपाडवा दवाखान्यातच झाला. महिना झाल्यावर डोळ्यांची तपासणी झाली. एवढ्या लवकर आलेल्या बाळांच्या डोळ्यांतल्या पडद्याच्या शिरा वेड्यावाकड्या वाढतात, वेळेत बघितलं नाही तर लेकरू आंधळं होतं, हे मला तिथंच कळलं. आमच्या दोघांचे डोळे निभावले, पण पुढं दोन वेळा दाखवायला यावं लागलं. ज्यांच्या घरी असं लेकरू असेल त्यांनी ही एक तपासणी अजिबात चुकवू नये.

सेहेचाळिसाव्या दिवशी घरी सोडलं. मुलगा १८७० ग्रॅम, मुलगी १७१०. सुप्यात उतरलो तर एप्रिलचं ऊन, पत्र्याचं घर तापलेलं, दारात टँकरची वाट बघत हंड्यांची रांग. त्या उकाड्यातही ही जुन्या लुगड्याचा पट्टा करून पोरगी छातीला बांधून बसायची. घामानं दोघी चिंब. गावातल्या बायका बघायला यायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. आशाताई वजनकाटा घेऊन यायच्या तेवढ्यापुरतीच पोरगी अंगावरून सुटायची.

बारसं पाऊस पडल्यावर केलं, जूनच्या अखेरीला. आदल्या रात्री नावांवरून घरात बरीच चर्चा झाली, पोरांनी मोबाईलवरून नावं काढली होती. सगळे निजल्यावर ही माझ्याजवळ येऊन बसली आणि तिनं मला दोन नावं सांगितली. मला वाटलं नातवंडांसाठी सुचवतेय. म्हटलं, मुलीला हे कसं शोभेल, हे तर मुलाचं नाव आहे.

‘ह्यांची न्हाईत,’ ती म्हणाली. ‘त्यांची हायेत.’

बारशाआधी गेलेल्या लेकरांना आमच्यात नाव नसतं. हिनं ठेवली होती. ती इथं लिहिणार होतो, पण तिला वाचून दाखवलं तेव्हा म्हणाली, नावं ऱ्हाऊ द्या.